आण्यांचे नवे पैसे करताना

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आल्यावर व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकांना सरसकट नाडले, हे काहींचे मत मला एकांगी वाटते. खरी अडचण हिशेबाची होती, कारण १६ आण्यांच्या रुपयाचे पैसे ६४ ऐवजी १०० झाले आणि एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा ठरला, तेवढ्या किमतीचे नवे नाणे मात्र नव्हतेच. म्हणून एका आण्याचे ६, दोहोंचे १२ आणि तिहींचे १९ नवे पैसे धरले गेले. परिणामी एका आण्याची वस्तू चारदा सुटी घेणाऱ्याचा एक पैसा वाचे, तर तीन आण्यांची चारदा घेणाऱ्याला ७५ ऐवजी ७६ मोजावे लागत. चार, आठ आणि बारा आणे तेवढे बिनचूक जुळत. लबाडी काहींनी केलीही असेल, पण या पैशा-पैशाच्या फरकाचा दोष दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.