इंग्रजी लष्करी शब्द स्लोव्हेनियनमध्ये: ‘कॅप्टन’ नेमका कोण?

बाराखडी:
एका इंग्रजी लष्करी पुस्तिकेचं स्लोव्हेनियन भाषांतर तपासतोय. ‘कॅप्टन’ एका पानावर ‘स्तोत्निक’, दुसऱ्यावर ‘कापितान बोय्ने लाद्ये’. ‘कमांड’ला तीन शब्द. ‘मीना’ हा शब्द तर दोन भलत्याच वस्तूंना वापरलाय. यातल्या चुका कुठल्या? आणि शब्दसूची करायची तर सुरुवात कुठून करू?

तळटीप:
कॅप्टनचे दोन्ही शब्द बरोबर असू शकतात. भूदलातला कॅप्टन म्हणजे स्तोत्निक. ‘स्तो’ म्हणजे शंभर, ‘देसेत’ म्हणजे दहा, त्यावरून खालचा ‘देसेत्निक’. आपल्या हजारी-पंचहजारीतलाच प्रकार. नौदलातला कॅप्टन तीन पायऱ्या वरचा, तो ‘कापितान बोय्ने लाद्ये’. आणि खरी मेख पुढे आहे: नुसता ‘कापितान’ हा त्याच्याही एक पायरी वर, भूदलातल्या ‘ब्रिगादिर’च्या बरोबरीचा.

म्हणून हुद्दे कोशात शोधू नका. नाटोच्या स्टॅनॅग २११६ या प्रमाणीकरण करारात प्रत्येक हुद्द्याला सांकेतिक श्रेणी आहे (ओएफ म्हणजे अधिकारी): भूदलाचा कॅप्टन ओएफ-२, नौदलाचा ओएफ-५. सूचीत पहिला रकाना श्रेणीचा, दुसरा दलाचा, शब्द त्यानंतर.

लेफ्टनंटही असाच फसवतो. स्लोव्हेनिया १९९१ पर्यंत ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या सैन्यात ‘पोरुचनिक’ ही अधिकाऱ्यांची दुसरी पायरी होती. स्लोव्हेनियात ‘पोरोच्निक’ सगळ्यात खालची. त्यामुळे अमेरिकन फर्स्ट लेफ्टनंट हा ‘नाद्पोरोच्निक’. सर्बो-क्रोएशियन सूचीवरून उचललं की बिचारा एका पायरीने खाली घसरतो.

जुनं_पान:
वरच्या सूचीत काळाचा रकानाही धरा. युगोस्लाव्ह लोकसेनेची आज्ञाभाषा सर्बो-क्रोएशियन होती. ‘ओफित्सीर’, ‘कासार्ना’, ‘कोमांदा’ हे शब्द त्या काळाचे. १९९१ नंतरच्या मजकुरात ‘चास्त्निक’, ‘वोयाश्नित्सा’, ‘पोवेल्स्त्वो’ हवेत. लोकसेनेत कंपनीचा प्रमुख ‘कोमांदिर’ आणि बटालियनपासून वरचा ‘कोमांदांत’ असा भेद होता. आता दोघेही ‘पोवेल्निक’. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या पार्टिझानांवरचा (गनिमी लढवय्यांवरचा) मजकूर असेल तर ‘कोमांदांत’ तसाच ठेवा. तिथे आधुनिक शब्द घालणं म्हणजे मावळ्याला ‘जवान’ म्हणणं.

‘कमांड’चे तीन शब्द ही चूक नाही. तोंडी देतात ते ‘पोवेल्ये’, जिथून सूत्रं हलतात ते ‘पोवेल्स्त्वो’, आणि सैन्य चालवण्याची क्रिया ‘पोवेल्येवान्ये’. ‘कमांड अँड कंट्रोल’ला ‘पोवेल्येवान्ये इन कोन्त्रोला’, संक्षेप ‘पिंक’ (रंगाशी संबंध नाही!). ट्रान्सलेशन मेमरीत (जुनी भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणाऱ्या संगणकीय साठ्यात) ‘कमांड’ एकट्याने साठवू नका, अख्खं वाक्य साठवा. नाहीतर शंभर टक्के जुळलेला शब्द शंभर टक्के चुकीचा बसतो.

बाराखडी:
धन्यवाद दोघांनाही. श्रेणीचा रकाना घालतो. मीनाचं काय?

काडतूस:
भूसुरुंगही मीना आणि उखळी तोफेतून उडवतात तो गोळाही मीना. उखळी तोफेचं नावच ‘मिनोमेत’. म्हणून विशेषण लावल्याशिवाय सोडायचं नाही: ‘मिनोमेत्ना मीना’ म्हणजे उखळीचा गोळा, ‘प्रोतितांकोव्स्का मीना’ म्हणजे रणगाडाविरोधी सुरुंग. दारूगोळ्याच्या साठा-यादीत विशेषण गळलं तर यादी वाचणारा गोळे मोजतोय की सुरुंग, हे त्याला कळणार नाही.

‘ग्रेनेड’ तपासलात का? ‘ग्रानाता’ म्हटलं की तिथे आधी तोफगोळा डोळ्यांसमोर येतो. हाताने फेकायचा तो ‘रोच्ना बोंबा’, शब्दशः आपला हातबॉम्ब. ‘रॉकेट’ आणि ‘मिसाइल’ दोन्ही ‘राकेता’. मार्ग बदलता येतो तिला ‘वोदेना’, म्हणजे नियंत्रित, हे जोडा. ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ही दोन्ही ‘वार्नोस्त’, मराठीत ‘सुरक्षा’ पुरते तसंच. दोन्ही एका ओळीत आले तर पहारा-राखणीच्या अर्थाला ‘वारोवान्ये’ घ्या.

तळटीप:
एक राहिलं, द्विवचन. संस्कृतात होतं तसं स्लोव्हेनियनमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजी आदेशात ‘कंपन्या पुढे सरकतील’ एवढंच असतं. कंपन्या दोनच असतील तर ‘चेती से बोस्ता प्रेमाक्निली’, तीन किंवा जास्त असतील तर ‘चेते से बोदो प्रेमाक्निले’. दोनच कंपन्या असताना अनेकवचन टाकलंत की वाचणारा तिसरी कंपनी शोधत बसतो. म्हणजे भाषांतरकाराने आदेशात मागे जाऊन कंपन्या मोजायच्या.

संगणकाने आकडा भरायचे तक्ते असतील तर एका शब्दाची चार रूपं ठेवा: १ तांक, २ तांका, ३ आणि ४ ला तांकी, ५ पासून तांकोव. १०० च्या पुढे चक्र पुन्हा सुरू होतं, म्हणजे १०१ ला परत तांक, १०२ ला तांका. दोन रूपांचा इंग्रजी साचा तसाच वापरला असेल तर पुस्तिकेतला प्रत्येक तक्ता उघडून बघा.