'खाजण' म्हणजे नेमकं काय?

ऐरोलीकर: गावच्या जुन्या कागदात एका तुकड्यापुढे 'खाजण' लिहिलंय. बातम्यांत बघावं तर तसल्याच खाडीकाठाला कोणी दलदल म्हणतं, कोणी पाणथळ, कोणी कांदळवन. हे सगळं एकच का? आणि खारघर, खारदांडा यातला 'खार' कुठला? आमचं पोरगं बरीच वर्षं खारघर म्हणजे खारींचं घर समजत होतं.

पेणचा_पाव्हणा: एकच नाही, आमच्याकडे तर मध्ये बांध असतो. बांधाच्या बाहेर भरतीचं पाणी येतं-जातं ते खाजण, आणि बांध घालून खारं पाणी अडवलं, दोनचार पावसाळे मीठ धुऊन जाऊ दिलं आणि मग भात लावला की ती खार. अलिबाग-पेणच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात तो त्यातूनच. बांधाला उघाडी असते, म्हणजे दार, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला आपसूक बंद. पूर्वी बांध गावानं मिळून राखायचा. 1979 साली खारभूमी विकास कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले, तेव्हापासून गाव म्हणतं सरकारनं बघावं आणि सरकार म्हणतं निधी नाही. मग एखाद्या उधाणाला खांड जाते (खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द साप निघाला म्हटल्यासारखा यायचा) आणि शेतात खारं पाणी. एक वर्ष भात गेला तर चालतं हो, पण खांड बुजवलीच नाही तर भरतीबरोबर तिवराचं (खाडीच्या चिखलात वाढणारं झाड) बी आत येतं, रुजतं, आणि पाचसात वर्षांत पुरुषभर झाडी. आता सातबाऱ्यावर शेत, नकाशावर कांदळवन, आणि तोडायला जाल तर गुन्हा, कारण हायकोर्टानं 2005 ला तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली, जमीन खासगी असली तरी. झाडं वाचायला हवीत, त्याबद्दल वाद नाही, पण ती खार होती हे कोणीतरी लिहून ठेवा की.

चिखलतुडव्या: 'कांदळवन' या शब्दावर माझा जुना राग आहे. कांदळ हे एक झाड, खोडापासून कमानीसारखी मुळं निघतात, लांब शेंगा लोंबतात, पडली की सरळ चिखलात रुतते. ठाणे खाडीत जाऊन बघा, बहुतेक सगळं तिवर! चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली श्वासमुळं दिसली की तिवर समजा, पान चाटून बघा, खारट लागतं, झाड मीठ पानातून बाहेर टाकतं. पण 2012 ला वनखात्यात 'कांदळवन कक्ष' निघाला आणि तिवर, चिपी, मारांडी सगळे कांदळ झाले. त्यात गंमत म्हणजे 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला तो पांढऱ्या चिपीला.

मांडवीकाठ: गोव्यात उलटंय बरं का. आमचं 'खाजन' म्हणजे बांधाच्या आतली जमीन, तुमची ती खार. पावसाळ्यात कोरगूट (खारं सोसणारं) भात, नंतर त्याच शेतात मासे, कोळंबी. उघाडीला आम्ही मानस म्हणतो. पूर्वी सगळं गांवकारी, म्हणजे गावाची सामूहिक संस्था, बघायची.

ऐरोलीकर: मग आमच्या कागदातलं खाजण बांधाबाहेरचंच असणार, तिथे आता तिवर आहेच. आणि पाणथळ?

चिखलतुडव्या: पाणथळ हा मोठा डबा, त्यात तळं येतं, खाडी येते, मिठागरही येतं. ठाणे खाडीतला पट्टा 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, तेव्हापासून पेपरवाल्यांना 'पाणथळ' आवडायला लागला. त्याआधी तीच जागा छापून यायची 'दलदल', आणि दलदल म्हटलं की पुढच्या वाक्यात भराव आलाच.

पेणचा_पाव्हणा: भरावावरून आठवलं, आमच्याकडे कोणी 'रेक्लमेशन' म्हणत नाही, 'खार बांधली' म्हणतात. बिल्डर डबर टाकतो त्याला मात्र भरणी. दोन्हीत समुद्र मागे जातो पण शब्द वेगळे. ऐरोलीकर, त्या कागदात खाजणाच्या पुढे काही आकार (शेतसारा) लावलाय का ते बघा, लावला असेल तर कधीकाळी कोणीतरी तिथे भात काढलाय.