मदत हवी आहे: मंडळातल्या बारा जणींना पहिल्यांदा बर्फावर न्यायचंय

नमस्कार मंडळी,

मी टोरोंटोजवळ राहते. चाळिशी ओलांडल्यावर फिगर स्केटिंग शिकायला लागले आणि आता ते माझ्या आठवड्याचा कणा झालंय. पण आज मदत हवी आहे ती माझ्यासाठी नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी माझा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला आणि तिळगूळ वाटून होईपर्यंत बारा जणींनी "आम्हालाही ने" म्हणून नावं दिली. सगळ्यात लहान चौतीसची, सगळ्यात मोठ्या काकू त्रेसष्टच्या. यातल्या निम्म्या जणी वर्षानुवर्षं मुलांना स्केटिंग शिकवणाऱ्या 'कॅनस्केट'च्या वर्गाला सोडून काचेमागे कॉफी घेऊन बसत आल्या आहेत. पोराच्या हेल्मेटचा पट्टा, बुटांच्या नाड्या सगळं यांच्या हातचं, पण काचेपलीकडे स्वतः जायचं कधी मनातच आलं नाही. आता आलंय, तर तो उत्साह पहिल्याच तासात मोडून पडू नये एवढीच माझी काळजी आहे.

माझ्या मते मोठी माणसं स्केटिंग सोडतात ती वयामुळे नाही, भाड्याच्या बुटांमुळे. बूट एक-दोन मापांनी मोठा, चामडं मऊ पडलेलं, पात्याला धार नाही. पाय आत लोळतो, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि बाई म्हणते, "माझे घोटेच कमजोर." घोटे चांगले असतात हो! टाच बुटात हलत असेल तर कुणाचाही घोटा कलेल. त्यामुळे मी सगळ्यांना सांगितलंय की जाड लोकरीचे मोजे आणू नका, पातळ एकच जोडी घाला. बूट घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग नाड्या: बोटांपाशी सैलसर, पाऊल जिथे वर वळतं तिथे सगळ्यात घट्ट, आणि वरच्या हुकांपाशी पुन्हा जरा सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकवता येतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की मागे सरकली पाहिजेत. हे नीट जमलं तर पाय एकदम सरळ उभा राहतो, मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

आता प्रश्न. भाड्याने हॉकीचे बूट घ्यायला सांगू की फिगरचे? इथे सगळ्यांच्या घरी हॉकीचे बूट पडलेले असतात, नवरे म्हणतात तेच घाला. माझा कल फिगरकडे आहे. पातं टाचेच्याही मागेपर्यंत लांब असतं, त्यामुळे मागे तोल गेला तर थोडा आधार मिळतो. हॉकीचं पातं दोन्ही टोकांना गोलावलेलं, नवखा माणूस मागे रेलला की थेट पाठीवर. पण फिगरच्या पात्याला पुढे दाते असतात आणि चालल्यासारखं पाऊल टाकलं की ते बर्फात अडकून माणूस तोंडावर येतो. दोन्हींत कमी धोक्याचं काय?

दुसरं, महापालिकेच्या मोफत सार्वजनिक सत्राला न्यावं की वर्गणी काढून रिंक तासाभरासाठी घ्यावी? सार्वजनिक सत्राला शाळकरी पोरं सुसाट असतात. आणि मी प्रशिक्षक नाही, हे लक्षात घ्या. मला थ्री टर्न आणि मोहॉक ही वळणं, एका पायावरची गिरकी आणि वॉल्ट्झ जंप ही अर्ध्या फेरीची उडी येते, पण येणं आणि शिकवणं यात फरक आहे.

तिसरं सगळ्यात नाजूक. एकींना मधुमेह आहे, एकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि त्रेसष्टच्या काकू हाडं ठिसूळ होण्यावर औषध घेतात. सगळ्यात जास्त उत्सुक त्याच आहेत. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

— हिमकळी

प्रतिसाद: निळूभाऊ_मिसिसागा

माझी मुलगी आठ वर्षं स्केटिंग करतेय आणि मी क्लबात स्वयंसेवक आहे, म्हणून सांगतो: रिंक स्वतः भाड्याने घेऊ नका. जवळच्या क्लबाशी बोला आणि त्यांच्याकडून प्रशिक्षकासकट तास मागा. प्रौढ नवशिक्यांचा गट एकदम बारा जणींचा येतोय म्हटल्यावर बरेच क्लब खूश होतील. प्रशिक्षक आणि विमा हे दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात. सार्वजनिक सत्रात आपण गटाला शिकवायला लागलो तर रिंकवाले बहुधा हरकत घेतील.

हेल्मेट मात्र सगळ्यांना, यात तडजोड नको. सायकलचं नाही, हॉकीचं. नवखा माणूस मागे पडतो आणि डोक्याची मागची बाजू हॉकीच्या हेल्मेटमध्ये नीट झाकली जाते. कॅनस्केटमध्ये मुलांना ते सक्तीचं आहे, मग आयांनी बिनहेल्मेट का उतरावं?

बुटांबद्दल तुमच्याशी सहमत. फिगरचेच द्या. दात्यांची भीती पहिली दहा मिनिटं असते.

प्रतिसाद: डॉ_सावनी

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, स्केटिंग येत नाही, पण पडलेली माणसं रोज बघते.

पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकवतो आणि मनगटाचं हाड मोडतं. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे फार दिसतं. म्हणून मनगटाचे गार्ड घ्याच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडायची सवय घरी, सतरंजीवर करून घ्या: गुडघे वाकवायचे, खाली बसत जायचं, एका बाजूच्या कुल्ल्यावर पडायचं, हात छातीशी, हनुवटी छातीकडे. उठताना आधी गुडघ्यांवर यायचं, मग एक पाय दोन हातांच्या मध्ये, त्याच गुडघ्यावर दोन्ही हात दाबून वर. दोन्ही हात मागे टेकून उठायचा प्रयत्न करू देऊ नका.

रोज खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं दहा-पंधरा वेळा, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं, एवढं महिनाभर आधी सुरू करा. मधुमेह असलेल्या बाईंनी बर्फावर जाण्याआधी काहीतरी खाऊन यावं, साखरेच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात, आणि तळपायांना बधिरपणा आहे का हे आधी तपासून घ्यावं. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही.

काकूंबद्दल स्पष्ट लिहिते. त्यांच्या डॉक्टरांना हाडांच्या घनतेचा अहवाल दाखवून विचारल्याशिवाय नेऊ नका. पाठीचा मणका किंवा खुब्याचं हाड नाजूक असेल तर एक साधी पडझड वर्षभर पुरते. उत्साहाला नकार देणं वाईट वाटतं, पण इथे निर्णय डॉक्टरांचा.

प्रतिसाद: चाकांवरचा_कोथरूडकर

लहानपणापासून चार चाकी रोलर स्केटिंग केलंय आणि गेल्या वर्षी गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर पहिल्यांदा बर्फ पाहिला. तुमच्या गटात कुणी रोलरवाली असेल तर तिला आधीच सांगून ठेवा: रोलरला पुढचा रबरी ठोकळा टेकवून थांबतात, बर्फावर तीच सवय पुढच्या दात्यांवर आणली तर नाक फुटेल. दाते उडी आणि गिरकीसाठी असतात. थांबायचं ते पाय बाहेर फाकवत, टाचा बाहेर ढकलून, पात्याने बर्फ खरवडत.

प्रतिसाद: वाचक७१

उत्साहाचं कौतुक आहे, पण खरंच या वयात हे कशाला? चालायला जा, योग करा. हाड मोडलं तर सहा महिने घर अडून बसतं.

हिमकळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सावनीताई, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकला आहे. काकू काल डॉक्टरांची वेळ घेऊन आल्या. त्यांनी परवानगी दिली नाही तर त्या आमच्या बुटांच्या नाड्या बांधायला येणार आहेत, असं त्यांनीच ठरवलंय.

वाचक७१, तुमची काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर देते. चालणं मीही करते. पण बर्फावर जे मिळतं ते चालण्यात मिळत नाही. पात्याची जाडी जेमतेम चार मिलिमीटर, मधे बारीक खाच, म्हणजे त्याला दोन धारा झाल्या. तुम्ही अंग किंचित बाहेर झुकवलं की बाहेरची धार बर्फ धरते आणि तुम्ही काहीही न करता वळत जाता. सकाळी झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, नुकती फिरून गेलेली असते, बर्फ काळसर आणि आरशासारखा असतो. त्यावर मी आठचा आकडा काढते, मग मागे वळून स्वतःचीच रेघ पाहते. कुठे तोल गेला, कुठे दुसरी धार लागली, सगळं त्या रेघेत लिहिलेलं असतं. मोठ्या स्पर्धांतून हे आकडे काढणं 1990 नंतर बंद झालं, पण माझ्यासारख्यांसाठी त्याहून चांगला अभ्यास नाही. ना उडी, ना सांध्यांवर दणका. उड्या नको असतील तर बर्फावरचं नृत्य आहे: डच वॉल्ट्झ, कनास्टा टँगो असे सोपे ठरलेले नाच. त्यात उडी लागतच नाही.

आणि वयाचं म्हणाल तर जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला 2005 पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची फक्त प्रौढांची स्पर्धा होते. वयाप्रमाणे गट असतात आणि सत्तरी गाठलेली माणसंही तिथे संगीतावर स्केटिंग करतात. त्यातली सगळीच बालपणापासून बर्फावर नव्हती. धोका आहेच, म्हणून तर हा धागा काढला. धोका कमी कसा करायचा हे विचारायला, सोडून द्यायला नाही.

निळूभाऊ, आज क्लबाला फोन केला. दर रविवारी संध्याकाळचा पाऊण तास, सहा आठवडे, दोन प्रशिक्षक. अर्धी रिंक आमची आणि अर्धी त्यांच्या नेहमीच्या प्रौढ मंडळींची. मला हे फार आवडलं, कारण पहिल्याच दिवशी आमच्या बायकांना पन्नाशीची, साठीची माणसं बर्फावर सहज फिरताना दिसतील.

एकच प्रश्न उरलाय. हेल्मेट बारा कुठून आणायची? सहा घरांत मुलांची आहेत, पण ती मोठ्यांच्या डोक्याला बसत नाहीत. जुनी विकत घेऊ नका असं क्लबातल्या बाई म्हणाल्या, कारण आतल्या फोमला आधी मार बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही आणि त्यावर छापलेली मुदतही बघावी लागते. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल भागात कुणाकडे मोठ्या मापाचं, मुदतीतलं, न आपटलेलं हेल्मेट सहा आठवड्यांसाठी मिळेल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि पुसून परत आणून देईन.