नंबर आहे, पण फोन कोण करणार?
कंपनीने कामगारांसाठी समुपदेशनाचा नंबर नोटीस बोर्डावर लावला, तरी कुणी फोन करत नाही, म्हणजे लोकांना गरजच नाही, असं एकांनी लिहिलंय. पटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम करणारा माणूस आधी एकच विचारतो: हे एचआरला कळणार का? मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, पण तो कामगाराला कोणी समजावून सांगत नाही. बाहेरच्या संस्थेकडून सेवा घेतली असेल, तर मालकाला फक्त किती जणांनी फोन केला तेवढंच कळावं, नावं नाहीत. हे लेखी द्या, मग बघा.

दुसरं, पलीकडून मराठी बोलणारं कोणी हवं. घरातलं भांडण माणूस तोडक्यामोडक्या हिंदीत कसं सांगणार?

आणि आपल्याकडे निम्म्या भानगडींच्या मुळाशी कर्ज असतं. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोट्या कर्जांच्या, जबरदस्तीच्या वसुलीवर कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. तो कायदा समजावणारा माणूस या समुपदेशनाच्या योजनेत नसेल, तर नुसतं 'ताण घेऊ नका' ऐकून काय होणार?

छोट्या कारखान्यांचं तर विचारूच नका. कामगारांच्या अडचणी बघणारा कल्याण अधिकारी नेमायला १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० कामगारांची अट होती, नव्या कामगार संहितेत २५०. तीस-चाळीस जणांच्या शेडमध्ये कोण येणार? तिथल्यांनी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मालकाचा त्याच्याशी काही संबंध नाही.