नळाची वेळ सांगितली तर चालते, मिनिटं सांगितली तर चालत नाही. आता काय करू?

गोदाकाठची (12 एप्रिल)

नमस्कार. परभणी जिल्ह्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जरा लांबण लावून सांगते, कारण थोडक्यात सांगितलं की लोक ‘छान उपक्रम’ म्हणतात आणि पुढं जातात.

आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो. कोणत्या गल्लीला कधी, हे फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्या काकांना ठाऊक. गोदावरी चार किलोमीटरवर, म्हणजे धरण उशाला अन् कोरड घशाला. नळ येणार असला की घरातली एक पोरगी कॉलेज बुडवून थांबते. पोरगा थांबलेला मी तरी बघितला नाही.

दिवाळीनंतर मी आणि दोन मैत्रिणींनी एक सुरू केलं. रोज संध्याकाळी काकांना विचारायचं, उद्या कोणती गल्ली, आणि दोन मिनिटं बोलून ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. नाव ठेवलं ‘चावडी रेडिओ’. रेडिओबिडिओ काही नाही, मोबाईलच. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन बोलते. आत लई उकडतं, पण आवाज स्वच्छ येतो.

आधी पोरं खिदळली. महिनाभरात बायका विचारायला लागल्या, “आज बोलली नाहीस का गं?” ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना शेजारीण मोठ्यानं लावून दाखवते. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख, लसीकरणाचा दिवस, कुणाची म्हैस सुटली, असं सगळंच त्यात यायला लागलं.

मार्चमध्ये आम्ही घड्याळ लावून तीन पाळ्या मोजल्या. खालच्या गल्लीला चाळीस मिनिटं, वरच्या आळीला दोन तास. पाणी उताराकडं धावतं म्हणतात, आमच्या गावात चढाकडं धावतं. हे एका संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं. कुणाचं नाव नाही, टोमणा नाही. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. रात्री दोघं जण घरी आले, चहा घेतला, अण्णांना म्हणाले, “पोरगी हुशार आहे, शिकू द्या. पण तिचा भोंगा कशाला होऊ द्यायलात?” अण्णा गप्पच होते. सकाळी म्हणाले, “जे काय करायलीस ते बंद कर.”

तर विचारायचं असं, की गावापुरता खरा रेडिओ काढता येतो का? एक जण म्हणतो, ऑनलाइन ट्रान्समीटरचा किट मिळतो. आकाशवाणीवर आमच्यासारख्यांना बोलू देतात का? आणि नुसतं बोलून काही होतं का, हेही सांगा. खोटं सांगू नका.

बिनधास्त_बीडकर

रेडिओ कोण ऐकतंय आता? रील बनव, कलेक्टर साहेबांना टॅग कर, दोन दिवसांत पाणी येतंय बघ.

गोदाकाठची

दादा, रील बघून पुण्याची पोरं हार्ट देतील. माझ्या गल्लीतल्या आजीला उद्या नळ किती वाजता, हे पाहिजे.

स्पूलटेप

पोरी, मी एका आकाशवाणी केंद्रावर सोळा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, बाकी वेळ शिकवण्या. त्यामुळं माझं ऐकशील तर थोडं लांबेल.

बिनधास्तदादांना आधी सांगतो. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. आमचं गाव औसा तालुक्यात. गणपती विसर्जन करून माणसं नुकती पडली होती. लाईट गेली, घरात जायला कुणी धजेना. वडिलांचा सेलवरचा रेडिओ अंगणात खाटेवर ठेवला होता आणि भोवती अख्खी गल्ली उभी होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवशी आवाज कसा आहे, गोड आहे का, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. कोणतं गाव, किती माणसं, रस्ता चालू आहे का, एवढंच सगळे ऐकत होते. पुढं मी या कामाला लागलो त्याचं कारण तो खाटेवरचा रेडिओ.

आता माझी फजिती. एकदा पहिल्या सभेत (सकाळच्या प्रसारणाला आम्ही ‘सभा’ म्हणायचो) झोपेच्या तारेत मी म्हणालो, “आज एकतीस एप्रिल.” पुढच्या आठवड्यात अकरा पोस्टकार्डं आली. एकानं लिहिलं होतं, ‘साहेब, तुमच्या केंद्रावर पगार त्याच दिवशी होतो काय?’ आवाज बसलेला, शब्द अडखळलेला श्रोता माफ करतो. आकडा चुकला की नाही करत. तू तीन पाळ्या मोजल्यास, चांगलं केलंस. तारीख, वार, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, मोजणारीचं नाव, हे वहीत आहे का? नसेल तर पुन्हा मोज. तुला ग्रुपमधून काढता येतं, वहीतून काढता येत नाही.

आकाशवाणीवर बोलायला देतात. ‘युववाणी’ हा तरुणांचाच कार्यक्रम, 1969 साली दिल्लीत सुरू झाला आणि मग केंद्राकेंद्रावर गेला. वय 15 ते 30. परभणी केंद्राच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या नावानं साधं पत्र लिही, विषय सांग, सोबत पाच मिनिटांचं लेखन जोड. पाच मिनिटं म्हणजे पाचशे-साडेपाचशे शब्द, त्याच्या वर गेलीस तर पळत वाचावं लागतं. नैमित्तिक उद्घोषकाची जाहिरात निघते तेव्हा लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी असते, ती वाट वेगळी. कागदाच्या एकाच बाजूला लिही, टाचणी काढून टाक, पान उलटू नको, अलगद बाजूला सरकव. ‘प’ आणि ‘भ’ला तोंड माइकपासून किंचित वळव, नाहीतर फटाका फुटल्यागत आवाज येतो. आणि वाक्याचं शेपूट गिळू नको. आपल्याकडची निम्मी पोरं ‘आहे’ गिळतात.

बोलीचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. ‘करायलीस’, ‘बोलायलेत’ हे तुझ्या गावच्या दोन मिनिटांतून काढू नको. माझ्या वेळी ते काढायला लावायचे, आणि मी काढलं. आई म्हणायची, “रेडिओवर बोलतोस तो दुसऱ्याच कुणाचा पोरगा वाटतो.” केंद्रावर गेलीस तर प्रमाण बोल, तिथं जिल्हाभरचे लोक ऐकतात.

पण एक ध्यानात ठेव. आकाशवाणीची आचारसंहिता आहे, 1968 सालापासून. पक्षाचं नाव घेऊन टीका तिथं चालत नाही, आणि गावातलं भांडण तर कुणी घेणारच नाही. तिथं ‘पाण्याच्या दिवशी मुलीच घरी का थांबतात’ हा विषय दे. तो घेतील. व्हॉल्व्हची मिनिटं तिथं नाही सुटायची.

बांधावरून_90_4

ट्रान्समीटरचा किट मागवू नको, आधीच सांगतो. परवान्याशिवाय हवेत प्रक्षेपण करणं गुन्हा आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात एका तरुणानं पन्नासेक रुपयांच्या सामानात एफएम केंद्र चालवलं होतं, गाव त्याच्यावर खूश होतं, तरी 2006 साली ते बंद करावं लागलं. उषा मेहतांनी 1942 मध्ये 42.34 मीटरवरून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या, हे वाचून माझंही रक्त उसळलं होतं. पण समोर इंग्रज होता. तुझ्यासमोर व्हॉल्व्हवाले काका आहेत.

आमच्या संस्थेनं सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या केंद्राचा, विचार केला होता, कागद जमवता जमवता दमलो. व्यक्तीला परवाना मिळत नाही. ना-नफा संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत पाहिजे, नाहीतर विद्यापीठ, कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र. संस्थांना हे दार 2006 साली उघडलं, त्याआधी 2002 पासून फक्त शिक्षणसंस्थांना होतं. ताकद 100 वॉट, टॉवर 30 मीटरपर्यंत, ऐकू जातं दहा-पंधरा किलोमीटर. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांनी केलेले पाहिजेत.

अशक्य नाही. शेजारच्या तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला ‘संगम रेडिओ’ आहे. दलित शेतकरी बाया चालवतात, 15 ऑक्टोबर 2008 पासून. साताऱ्याकडं म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. तुझ्या कॉलेजला हा परवाना मिळू शकतो. प्राचार्यांना भेट, पण वर्षभरात काही होईल अशी आशा धरू नको.

आणि गंमत बघ. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण पाणी-विजेच्या सूचना देता येतात, स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या. म्हणजे परवाना काढलास तरी ‘उद्या नळ सहाला’ चालेल आणि ‘चाळीस मिनिटं’वर पुन्हा कुणीतरी चहा प्यायला येईल. तुझ्या गोधडीतल्या रेडिओचं जे झालं तेच तिथं होणार.

माजी_सदस्य_लातूर

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्याकडं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामुळं पाण्यावर बोललं की माणसं का चिडतात ते मला शिकवायला नको.

बाई, तू बोललीस ते खरं होतं, जागा चुकली. ग्रुप हा ॲडमिनचा. ग्रामसभा तुझी आहे. कायद्यानं, गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. तुझं नाव यादीत आहे का ते आधी बघ. नसेल तर नमुना 6 भर. अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज देता येतो.

1 मेला ग्रामसभा आहे. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती अंगणवाडीच्या रजिस्टरवर सह्या घेऊन ‘होते’. तुमच्याकडं खरंच होऊ दे, वीस बाया घेऊन जा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. लोक तहकूब म्हटलं की घरी झोपतात. खरी कामं तहकूब सभेतच होतात, माझ्या अनुभवावरून सांगते. तारीख विचारून घे आणि जा.

‘भेदभाव’ हा शब्द वापरू नको. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. तुमच्या गल्लीत किती पडतात त्याचा हिशेब कर, तेवढाच वाच आणि म्हण, “हे इतिवृत्तात लिहा.” ‘पाण्याबाबत चर्चा झाली’ असं लिहून पान बंद करतात. त्या पानाची नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचा, तीस दिवस मुदत.

अण्णांवर रागावू नको. चहा प्यायला आलेले लोक तुझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलून गेलेत.

गोदाकाठची (9 मे)

उशीर झाला, परीक्षा चालू होती.

काका, वही केली. चौथी पाळी मोजली, सगळं मिनिटासकट लिहिलं. हिशेब माझ्या मैत्रिणीनं केला, ती सतरा वर्षांची आहे, मत नाही पण गणित माझ्यापेक्षा चांगलं. दोनशे लिटरचा पिंप वीस मिनिटांत भरतो. चाळीस मिनिटांत दोन पिंप, चारशे लिटर. घरात सहा माणसं, आठ दिवस. माणशी रोज आठ लिटर पडतं. वरच्या आळीलाही पंचवीसच, हे आम्हाला मोजेपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही ज्यांच्यावर जळत होतो त्यांचंही निम्म्यापेक्षा कमीच आहे. हे कळल्यावर वरच्या आळीच्या तीन बाया आमच्या बाजूनं आल्या. हा आकडा आधीच सांगितला असता तर बरं झालं असतं.

ताई, 1 मेला चौसष्ट जण आले, सभा तहकूब. परवा पुन्हा भरली तेव्हा एकतीस. त्यातल्या एकोणीस आम्ही. मी उठले तेव्हा पाय लटलट कापत होते, गोधडीत असं होत नाही. एक जण म्हणाला, “पाइप जुना आहे, पोरींना काय कळतंय.” पाइप जुना असेलही. मी म्हणाले, “तेही लिहा.” ग्रामसेवकांनी आधी ‘पाण्याबाबत चर्चा’च लिहिलं होतं. आम्ही उभ्याच राहिलो, मग 8, 25 आणि 55 हे तिन्ही आकडे घातले. पान वाचून दाखवलं तेव्हा अण्णा मागं दारात उभे होते. ते येणार हे मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी विषय काढला नाही, फक्त विचारलं, “उद्या कोणती गल्ली आहे?”

मी अजून ग्रुपच्या बाहेरच आहे. रेकॉर्ड करून मैत्रिणीला पाठवते, ती टाकते.

बिनधास्त_बीडकर

आणि पाणी?

गोदाकाठची

या पाळीला त्रेचाळीस मिनिटं. तीन मिनिटं वाढली की काकांचं घड्याळ मागं आहे, ते पुढच्या पाळीला कळेल. स्पूलटेप काका, युववाणीच्या पत्रासोबत रेकॉर्डिंग जोडू का नुसतं लेखन पाठवू? आणि सुरुवातीला ‘श्रोतेहो’ म्हणायचं का, तेवढं सांगा.