गुडघा 35 टक्के, हमाली शून्य. भरपाई कशावर काढायची?

तुर्भेकर: आतेभाऊ, वय 38, वाशीच्या मार्केटात माथाडी. ठाणे-बेलापूर रोडवर टेम्पोने उडवलं. उजवा गुडघा निम्मासुद्धा वाकत नाही. जेवायला बसला की पाय ताटाच्या पलीकडे सरळ. दाखल्यावर अपंगत्व 35 टक्के. ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालू आहे. विमा कंपनीचे वकील म्हणतात, कमाईही तेवढीच बुडाली. अहो, पन्नास किलोची गोणी 35 टक्के कमी कशी उचलायची? ती उचलता येते किंवा येत नाही.

हिशेब असा. महिना 20,000. कायम पगारी नाही, चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 28,000. वर्षाचे 3,36,000. वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा) 15, म्हणजे 50,40,000. त्याचे 35 टक्के 17,64,000. मी 80 म्हणतो, ते होतात 40,32,000.

कळवेकर: 80 कुठून आणलेत? हमाली गेली, माणूस गेला नाही. उद्या वॉचमन लागला आणि 12,000 मिळाले तर तोटा 8,000 चा, म्हणजे 40 टक्के. आणि ती 40 टक्के वाढ प्रणय सेठी निकालातली (2017), तो मृत्यूचा दावा होता.

कोर्टनाका: वाढ जखमींनाही मिळते. पप्पू देव यादव, सुप्रीम कोर्ट, 2020. टायपिस्टचा हात गेलेला. टक्केवारीचं म्हणाल तर राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) वाचा. डावा हात तुटला तर अपंगत्व साधारण 60 टक्के. पण सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळजवळ 100 टक्के बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित अजिबात नाही. म्हणजे धंदा बघायचा, नुसता दाखला नाही.

कळवेकर: बरोबर, पण त्याच निकालात दुसरं काम जमेल का तेही बघायला सांगितलंय, ते सोयीने गाळलंत. आणि त्या टायपिस्टचा दाखला 89 चा होता, हायकोर्टाने 45 धरले, सुप्रीम कोर्टाने 65. पूर्ण 89 नाहीच! मनाला येईल तो आकडा लावत सुटलं तर प्रीमियम शेवटी आपणच भरतो.

तुर्भेकर: वॉचमनची ड्यूटी 12 तासांची. हा तासभर उभा राहिला की गुडघा सुजतो. पाण्याची टाकी बघायला जिना चढणार कोण, तुम्ही?

कळवेकर: चिडू नका राव. मग तेच सिद्ध करा ना.

कोर्टनाका: मुद्दा तोच आहे. शरीराचं किती गेलं ते डॉक्टरांनी सांगायचं, कमाईचं किती गेलं ते न्यायाधिकरणाने ठरवायचं. पण उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत तर न्यायाधीशांपुढे दाखल्यावरचे 35 उरतात. तो उकिडवा बसू शकतो का, वजन घेऊन फळी चढू शकतो का, हे डॉक्टरांच्या तोंडून रेकॉर्डवर आलं पाहिजे. माथाडी मंडळाच्या पगाराच्या नोंदी लावल्यात का? नाहीतर 20,000 वरही घासाघीस होईल.

तुर्भेकर: नोंदी लावल्यात. डॉक्टर दोन तारखांना आले नाहीत. वकील म्हणतात, दाखला पुरतो.

कोर्टनाका: पुरत नाही. या तारखेला समन्स काढायला लावा.