वरच्या मजल्यावरच्या त्रासाबद्दल सगळीकडे तक्रार केली, आता एएसबी (अँटी-सोशल बिहेवियर, म्हणजे आसपासच्या लोकांचा उपद्रव) केस रिव्ह्यू मागायचाय. कोणी केलाय का?

तिसरामजला:
नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलचक होईल. आम्ही शेअर्ड ओनरशिपच्या (काही हिस्सा आमचा, उरलेल्यावर भाडं) फ्लॅटमध्ये राहतो, आमच्या वर त्याच हाउसिंग असोसिएशनचा (परवडणारी घरं देणारी संस्था, आमची लँडलॉर्ड) भाडेकरू आहे. गेल्या उन्हाळ्यापासून रात्री एक-दीडला मोठ्याने म्युझिक, पिऊन आलेली माणसं, जिन्यात गांजाचा वास, आमच्या बाल्कनीत सिगारेटची थोटकं, हे सगळं चालूच होतं. पण आता माझी आई नाशिकहून आलीय तर तिला जिन्यात अडवून साडीवरून, रंगावरून घाण बोलले. तिला इंग्रजी फारसं येत नाही पण बोलण्याचा रोख कळतोच ना, तेव्हापासून ती एकटी खाली उतरत नाही.

१०१ वर (पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर) फोन केला तर पोलीस म्हणतात आवाजाचं कौन्सिल (इथली स्थानिक पालिका) बघतं, कौन्सिल म्हणते आधी तुमच्या लँडलॉर्डकडे जा, हाउसिंग असोसिएशनने डायरी शीट (कधी काय त्रास झाला त्याची नोंद) भरायला लावल्या, आम्ही इमानदारीने रात्री जागून भरल्या आणि मग ईमेल आला की पुरावा पुरेसा नाही, केस बंद. प्रत्येकाचा वेगळा रेफरन्स नंबर आहे पण सगळं एकत्र बघणारा कोणीच नाही. ऑफिसमधली एक जण म्हणाली की केस रिव्ह्यू माग, तो तुझा हक्क आहे. नवऱ्याला भीती वाटते की असं काही केलं तर उद्या फ्लॅट विकताना अडेल. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, खूप थकलोय आम्ही.

मिडलँड्सवाला:
ताई, तुमच्या ऑफिसमधल्या बाईंनी बरोबर सांगितलंय. २०१४ चा अँटी-सोशल बिहेवियर, क्राइम अँड पोलिसिंग ॲक्ट आहे, त्यातल्या कलम १०४ मध्ये हा हक्क दिलाय. आधी याला कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे आणि काही कौन्सिलच्या वेबसाइटवर अजूनही तेच नाव सापडतं, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. या रिव्ह्यूमध्ये वरचा माणूस कसा वागला यावर निकाल देत नाहीत, तुमच्या तक्रारी आल्यावर पोलीस, कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनने काय केलं आणि काय करायचं राहिलं हे बघतात. त्यामुळे अर्जात नुसतं तो किती वाईट आहे हे लिहून उपयोग नाही, अमुक तारखेला आम्ही कोणाला कळवलं, त्यांनी काय उत्तर दिलं, त्यानंतर काय झालं असं लिहायचं. माझ्या बघण्यात बहुतेक लोक इथेच चुकतात, पानभर शेजाऱ्याबद्दल लिहितात आणि ऑफिसांबद्दल दोन ओळी.

अट साधारण अशी असते की सहा महिन्यांत तीन तक्रारी झालेल्या असाव्यात. कौन्सिल स्वतःची अट ठरवू शकते पण सरकारी गाइडन्स सांगतो की यापेक्षा कडक ठेवू नका, सैल चालेल. प्रत्येक तक्रार ती घटना घडल्यापासून एका महिन्याच्या आत केलेली हवी आणि रिव्ह्यूचा अर्ज त्या तक्रारीपासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे गेल्या उन्हाळ्यातल्या काही तक्रारी कदाचित मोजणीत येणार नाहीत, तरी पार्श्वभूमी म्हणून लिहाच. आणि तक्रारी एकाच ऑफिसला केलेल्या असायला हव्यात असं नाही, पोलिसांकडची एक, कौन्सिलकडची एक, असोसिएशनकडची एक अशा मिळून तीन होतात. तुमच्या नक्कीच झाल्या असणार.

आईंना जे बोलले ते मात्र वेगळं कळवा, ते हेट क्राइम (वंश वगैरेंच्या द्वेषातून केलेला गुन्हा) म्हणून नोंदवायला सांगा, 'आवाजाचा त्रास' या खात्यात ते मिसळू देऊ नका. वांशिक शिवीगाळ असेल तर बऱ्याच ठिकाणी एकाच घटनेवरसुद्धा रिव्ह्यू देतात.

नदीकाठ:
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. आधी शेजाऱ्याशी शांतपणे बोलून बघितलं का? बऱ्याच कौन्सिल फुकट मिडिएशन (मध्यस्थी) देतात. आमच्या इथे खालच्या घरातल्या पोराचा ड्रम्सचा प्रश्न असाच बसून सुटला, कागदोपत्री भांडण सुरू झालं की दोन्ही बाजू हट्टाला पेटतात.

रेवती_एम:
@नदीकाठ ड्रम्ससाठी ठीक आहे हो, पण एका म्हाताऱ्या बाईला जिन्यात अडवून रंगावरून बोलणाऱ्यासमोर चहा घेऊन बसायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. मिडिएशन दोघांच्या मर्जीनेच होतं, नाही म्हटलं म्हणून तुमची केस कमकुवत होत नाही.

@तिसरामजला मी माझ्या सासूबाईंच्या वतीने हा अर्ज केलाय. त्यांच्या संमतीने मी केला तर चालला, कुटुंबातलं कोणी, मित्र, कौन्सिलर, एमपी, कोणीही करू शकतं. आईंचं म्हणणं तुम्ही मराठीत ऐकून इंग्रजीत लिहून दिलं तरी चालेल, पण त्यांच्याच शब्दांत लिहा.

आमच्या वेळी काय झालं सांगते. अर्ज गेल्यावर आधी अट पूर्ण होते की नाही हे कळवलं, मग पोलिसांचा माणूस, कौन्सिलची बाई, हाउसिंगवाले, एनएचएसकडून (सरकारी आरोग्यसेवा) एक जण, सगळे एका बैठकीत बसले. आणि तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की पोलिसांकडच्या नोंदी हाउसिंगला माहीतच नव्हत्या आणि हाउसिंगकडची रेकॉर्डिंग्ज कौन्सिलने कधी मागितलीच नव्हती!! प्रत्येकाकडे थोडं थोडं होतं म्हणून प्रत्येकाला ते किरकोळ वाटत होतं. सासूबाईंना सुरुवातीची काही मिनिटं बोलू दिलं, त्या रात्री झोप लागत नाही, गोळ्या वाढल्यात, नातवंडांना घरी बोलवायची भीती वाटते असं बोलल्या आणि समोरची माणसं लिहून घेत होती. तुम्ही आधीच विचारा की आम्हाला बैठकीत बोलता येईल का, अध्यक्ष या केसशी संबंध नसलेला कोणी आहे का. गाइडन्समध्ये दोन्हीचा आग्रह धरलाय, पण न विचारता मिळेलच असं नाही.

शिफारशी आल्या त्यानुसार त्या माणसाला आधी लेखी वॉर्निंग, मग कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस (त्रास थांबवा असा कायदेशीर लेखी आदेश) गेली. ती मोडली तर गुन्हा होतो, दंड बसतो. त्रास एका रात्रीत थांबला नाही हेही खरं, पण फोन केल्यावर पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नव्हती, एकच माणूस ठरवून दिला होता. सासूबाईंना याचा फार आधार वाटला.

लेस्टरकर:
हा कायदा कशासाठी आला ते इकडच्या लोकांना चांगलं आठवतं. २००७ साली लेस्टरशायरमधल्या बार्वेलला फिओना पिल्किंग्टन नावाच्या आईने वर्षानुवर्षं गल्लीतल्या पोरांचा छळ सोसून शेवटी स्वतःचं आणि अपंग मुलीचं आयुष्य संपवलं. पोलिसांना तीसहून जास्त वेळा फोन केलेले होते पण प्रत्येक फोन सुटा किरकोळ प्रकार म्हणून बघितला गेला. २००९ च्या चौकशीत ज्युरीने पोलिसांच्या आणि कौन्सिलच्या कामावर स्पष्ट बोट ठेवलं. म्हणून सांगतो, अर्जात आईंचं वय, तब्येत, भाषा येत नाही, एकट्या असतात, हे सगळं लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जीवाला धोका वाटला तर अर्ज-बिर्ज बाजूला, सरळ ९९९ (इमर्जन्सी नंबर).

ग्लासगोकर:
फक्त एक नोंद, हा हक्क इंग्लंड आणि वेल्सपुरताच. आम्हा स्कॉटलंडवाल्यांना आधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया संपवून मग स्कॉटिश पब्लिक सर्व्हिसेस ऑम्बड्समनकडे (तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा) जावं लागतं.

तिसरामजला:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका आहेत, एक तर काही फोन कॉल्सच्या तारखा माझ्याकडे नाहीत, आणि दुसरं ते घर विकण्याचं. आणि समजा त्यांनी अर्जच नाकारला तर?

मिडलँड्सवाला:
तारखांसाठी तिन्ही ऑफिसांना सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट पाठवा, म्हणजे माझ्याबद्दल तुमच्याकडे जी माहिती आहे ती द्या अशी ईमेल. फुकट असते आणि साधारण एका महिन्यात द्यावी लागते. कॉल लॉग, अधिकाऱ्यांचे आपसातले शेरे बरेचदा त्यात येतात आणि केस का बंद केली हेही कळतं. पण ते येईपर्यंत रिव्ह्यूचा अर्ज अडवून ठेवू नका, सहा महिन्यांचं घड्याळ चालू आहे. नंतर जोडता येतं.

घराचं म्हणाल तर विकताना टीए६ फॉर्म (घराची माहिती विकत घेणाऱ्याला देणारा) भरावा लागतो आणि त्यात शेजाऱ्यांशी वाद, तक्रारी विचारलेल्याच असतात. तुम्ही तक्रारी आधीच केल्यात त्यामुळे ते तसंही सांगावंच लागणार, लपवलं तर विकत घेणारा नंतर दावा लावू शकतो. उलट तक्रार होती, अमुक कारवाई झाली, आता बंद आहे असं लिहिता आलं तर तुमच्याच फायद्याचं. नवऱ्याला हे नक्की सांगा. आईंच्या व्हिसावरही तक्रार केल्याने काही परिणाम होत नाही, ती भीती मनातून काढा.

नाकारला तर कारण लेखी मागा. बऱ्याच भागात निर्णय पटला नाही तर पोलीस अँड क्राइम कमिशनरच्या (पोलिसांच्या कामावर देखरेख करणारा निवडून आलेला माणूस) ऑफिसकडे दाद मागता येते, तुमच्या कौन्सिलच्या रिव्ह्यूच्या पानावर तो रस्ता लिहिलेला असेल. त्याला समांतर हाउसिंग असोसिएशनची औपचारिक तक्रार वेगळी सुरू करा, पहिल्या टप्प्याला दहा कामाचे दिवस, दुसऱ्याला वीस, त्यानंतर हाउसिंग ऑम्बड्समन. तुम्ही शेअर्ड ओनर आहात त्यामुळे तो दरवाजा तुम्हाला उघडा आहे. ईमेलच्या विषयात मात्र स्पष्ट 'स्टेज वन कम्प्लेंट' लिहा, नाहीतर ते त्याला साधी चौकशी समजून बाजूला टाकतात.

रेवती_एम:
अर्ज पाठवायच्या आधी हवं तर मला मेसेज करा, नावं-पत्ते खोडून पाठवा, मी वाचून देते. आणि आईंना जिना उतरताना सोबत लागत असेल तर तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळाचा ग्रुप आहे का विचारा, आमच्याकडे दुपारी मोकळ्या असणाऱ्या दोन-तीन काकू आळीपाळीने यायच्या.